एका किलोतले सात ग्रॅम

गेल्या हिवाळ्यात सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील काही शालेय विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ऊर्जा हा अशा प्रदर्शनांचा आवडता विषय. साताऱ्याकडे कोयनेची प्रतिकृती हमखास असते, सांगलीकडे साखर कारखान्याची. आणि दोन्हीकडे थर्माकोलची एक अणुभट्टी असते, आत लाल दिवा लावलेली. अणुभट्टीच्या मागे तक्ता आणि तक्त्यावर तीन वाक्ये. पहिले : एक किलो युरेनियमपासून तीन हजार टन कोळशाइतकी ऊर्जा मिळते. दुसरे : वापरलेले इंधन पुन्हा वापरता येते, त्यामुळे कचरा जवळजवळ उरत नाही. तिसरे : भारताकडे थोरियमचे प्रचंड साठे आहेत, ते शेकडो वर्षे पुरतील. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, वाक्ये तीच. विद्यार्थिदशेत मीही ती पाठ केली होती आणि पुढे व्याख्यानांत वापरली आहेत, हे आधीच कबूल केलेले बरे.

वाळवा तालुक्यातील एका शाळेत तक्त्यापाशी नववीची मुलगी उभी होती. वाक्ये तिला तोंडपाठ होती. "काही शंका आहे का?" असे मी सवयीने विचारले, तर तिने विचारले, "सर, मग कैगाला वर्षाला किती किलो लागतं?"

प्रश्न साधा होता. आम्ही तिथेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. कैगा येथील एक अणुभट्टी २२० मेगावॉट विजेची. त्यासाठी तिच्यात सुमारे ७५० मेगावॉट उष्णता निर्माण व्हावी लागते. ती वर्षातून २९२ दिवस, म्हणजे ऐंशी टक्के काळ, पूर्ण शक्तीने चालली असे धरले, तर वर्षाची उष्णता सुमारे २,२०,००० मेगावॉट-दिवस होते. आता युरेनियमच्या एका केंद्रकाच्या विखंडनातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. एक किलोत २५ वर २३ शून्ये इतकी केंद्रके असतात. ती सगळी फुटली तर सुमारे ९५० मेगावॉट-दिवस उष्णता निघते. चांगल्या प्रतीच्या दगडी कोळशाशी तुलना केली, तर हे बरोबर तीन हजार टनांच्या आसपास येते. म्हणजे तक्त्यावरचे वाक्य चुकीचे नाही. त्या हिशेबाने कैगाच्या एका अणुभट्टीला वर्षाला २३० किलो युरेनियम पुरावे. एका छकड्यात मावेल इतके!

प्रत्यक्षात काय होते? या अणुभट्टीत इंधनाची छोटी जुडगी असतात. प्रत्येक जुडग्यात बारीक नळ्यांत भरलेले सुमारे साडेतेरा किलो युरेनियम. पूर्ण शक्तीवर चालताना दिवसाला अशी सुमारे आठ जुडगी नवी घालावी लागतात आणि आठ जुनी काढावी लागतात. म्हणजे रोजचे १०८ किलो. वर्षाचे झाले ३१ टनांहून अधिक. तक्त्याच्या हिशेबाच्या १३५ पट!

मुलगी कागदाकडे पाहत राहिली. शेजारी उभे असलेले तिचे शिक्षक मात्र थोडे नाराज झाले. ते म्हणाले, "सर, तीन हजार खोडून बावीस टन लिहिलं, तर तक्त्यापुढं थांबणार कोण?"

बावीस हा आकडा त्यांनी मनातल्या मनात काढला होता आणि तो बरोबर होता. आपल्या वीजकेंद्रांत जाळला जाणारा, राख जास्त असलेला कोळसा घेतला तर बावीसचे छत्तीस होतात, इतकेच. एक किलोला छत्तीस टन हेही आश्चर्यच आहे. पण शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, आणि ते देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. माझे म्हणणे असे, की तक्त्यापुढे खरोखर थांबायला लावणारी गोष्ट त्या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे. नेमके तेच अंतर आपण विद्यार्थ्यांपासून लपवतो.

एक किलो नैसर्गिक युरेनियमची जमाखर्चाची वही उघडून पाहू. खाणीतून आलेल्या हजार ग्रॅम युरेनियममध्ये मंद न्यूट्रॉनने सहज फुटणारे युरेनियम-२३५ हे समस्थानिक फक्त ७ ग्रॅम असते. बाकीचे ९९३ ग्रॅम युरेनियम-२३८. कैगासारख्या जड पाण्याच्या अणुभट्टीत हे युरेनियम जसेच्या तसे, समृद्ध न करता वापरता येते, कारण जड पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते पण स्वतः ते फारसे खात नाही. असा एक किलो साधारण ७ मेगावॉट-दिवस उष्णता देतो आणि मग बाहेर काढावा लागतो. सात मेगावॉट-दिवस म्हणजे साधारण सात ग्रॅमचे विखंडन.

इथे एक सापळा आहे, आणि मी स्वतः त्यात बराच काळ अडकलो होतो. सात ग्रॅम युरेनियम-२३५ होते, सात ग्रॅम फुटले. म्हणजे होते ते सगळे वापरले, हिशेब मिटला, असे वाटते. आपल्या दहावीच्या पुस्तकातले विखंडनाचे समीकरणही युरेनियम-२३५, बेरियम आणि क्रिप्टॉन यांच्यावर थांबत असल्याने हा समज पक्का होतो. परंतु बाहेर काढलेल्या इंधनाचे पृथक्करण केले तर त्यात युरेनियम-२३५ अजून दोन ग्रॅमच्या वर शिल्लक असते. थोडे न फुटताच न्यूट्रॉन गिळून युरेनियम-२३६ झालेले असते. मग फुटलेल्या सात ग्रॅमपैकी सुमारे तीन ग्रॅम आले कुठून? ते आले युरेनियम-२३८ पासून. एरवी ज्याला आपण 'न जळणारे' म्हणतो, त्याच्या केंद्रकाने न्यूट्रॉन गिळला की दोन पायऱ्यांनंतर त्याचे प्लुटोनियम-२३९ होते आणि ते युरेनियम-२३५ प्रमाणेच फुटते. जवळपास निम्मी वीज अशा इंधनाची असते, जे अणुभट्टीत घातलेच नव्हते. शिवाय साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्लुटोनियम न फुटता शिल्लक राहते. म्हणजे हजार ग्रॅम आत गेले. बाहेर आली सात ग्रॅम विखंडनाची राख, साडेतीन ग्रॅम प्लुटोनियम आणि ९८९ ग्रॅम युरेनियम. तरीही जुडगे बाहेर काढावे लागते, कारण साचलेली राख न्यूट्रॉन शोषू लागते आणि साखळी अभिक्रिया टिकवणे अवघड होते.

हे समजले की अणुइंधनाविषयीची बरीच विधाने पारखता येतात. उदाहरणार्थ, परदेशी बनावटीच्या साध्या पाण्याच्या अणुभट्ट्या एक किलो इंधनातून ४५ ते ५० मेगावॉट-दिवस काढतात, आपल्या फक्त सात काढतात, म्हणून आपल्या मागासलेल्या, हे विधान. रत्नागिरी जिल्ह्यातील प्रस्तावित जैतापूर प्रकल्पावर चर्चा झाली तेव्हा मी ते अनेकदा ऐकले. तेथे फ्रेंच बनावटीच्या १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. त्यांचे इंधन चार-पाच टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले असते. असे एक किलो इंधन तयार करायला आठ ते नऊ किलो नैसर्गिक युरेनियम लागते. उरलेले सात-आठ किलो समृद्धीकरणाच्या कारखान्याबाहेर पडून राहते. ४५ ला साडेआठने भागा. खाणीतून काढलेल्या किलोमागे पाच-सव्वापाच मेगावॉट-दिवस आले. आपल्याकडचे सात! मात्र हिशेब पुरा करायचा तर हेही सांगायला हवे, की साध्या पाण्याच्या अणुभट्ट्या उष्णतेचे विजेत रूपांतर अधिक चांगले करतात, त्यामुळे विजेच्या युनिटांत हा फरक बराच कमी होतो. आणि दोन्ही प्रकारांत खाणीतल्या युरेनियमचा एक टक्काही फुटत नाही, ही मुख्य गोष्ट बदलत नाही.

आता दुसरे वाक्य. वापरलेले इंधन पुन्हा वापरता येते हे खरे. साताऱ्याच्या मुलांना याचे उदाहरण कोयनेच्या प्रतिकृतीवरच दाखवता येईल. पोफळीला वीज निर्माण करून बाहेर पडणारे अवजल कोळकेवाडीच्या धरणात अडवले जाते आणि तिसऱ्या टप्प्यात त्याच पाण्यावर आणखी ३२० मेगावॉटची जनित्रे चालतात. अणुइंधनातही एकदा वापरून झाल्यावर ९८९ ग्रॅम युरेनियम आणि साडेतीन ग्रॅम प्लुटोनियम उरते. ते वेगळे काढण्याच्या कामाला पुनःप्रक्रिया म्हणतात. जुडगी कापायची, नायट्रिक आम्लात विरघळवायची, आणि ट्रायब्यूटिल फॉस्फेट या द्रावकाने युरेनियम व प्लुटोनियम बाजूला ओढून घ्यायचे. शाळेच्या प्रयोगशाळेत आयोडीन पाण्यातून दुसऱ्या द्रावकात ओढून घेतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे सगळे काम जाड काँक्रीटच्या भिंतीआड, दुरून करावे लागते. तुर्भ्याला आपला पहिला पुनःप्रक्रिया कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला, नंतर तारापूर व कल्पाक्कम येथे झाले. त्या काळी हे जमलेले देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

परंतु वाक्याचा उत्तरार्ध, 'कचरा जवळजवळ उरत नाही', हा मात्र साफ चुकीचा आहे. सात ग्रॅमची वीज घेतली की सात ग्रॅम राख ठरलेली. पुनःप्रक्रियेने ती एका ग्रॅमनेही कमी होत नाही; ती फक्त बाकीच्या ढिगापासून वेगळी होते आणि काचेत ओतून बंदिस्त करता येते. प्लुटोनियम बाजूला झाल्याने फार दीर्घकाळ टिकणारा किरणोत्सर्ग कमी होतो, हा फायदा निश्चित आहे. पण स्ट्रॉन्शियम व सीझियमची दोन-तीनशे वर्षांची काळजी कोणत्याही चक्राने चुकत नाही. आणखी एक गोष्ट तक्त्यांवर कधीच नसते. वेगळे काढलेले प्लुटोनियम भट्टीत घालता येते तसे बॉम्बमध्येही. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटातले प्लुटोनियम तुर्भ्यालाच वेगळे काढले होते. अमेरिकेने १९७७ मध्ये व्यापारी पुनःप्रक्रिया थांबवली, त्यामागेही प्लुटोनियम पसरण्याची हीच भीती होती. दहावीच्या मुलांना हे सांगू नये, असे मला वाटत नाही.

तिसरे वाक्य थोरियमचे. याची समीक्षा करताना थोडे सांभाळून लिहावे लागते, कारण त्यात आपला अभिमान गुंतलेला आहे. डॉ. होमी भाभांनी १९५४ च्या सुमारास मांडलेली तीन टप्प्यांची कल्पना खरोखरच दूरदृष्टीची होती. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवर जड पाण्याच्या अणुभट्ट्या चालवायच्या. त्यांच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचे. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम द्रुतगती प्रजनक अणुभट्ट्यांत घालायचे, भोवती युरेनियम-२३८ ठेवायचे, आणि जितके प्लुटोनियम जळेल त्यापेक्षा थोडे जास्त नवे तयार करायचे. तिसऱ्या टप्प्यात थोरियमपासून युरेनियम-२३३ तयार करून त्यावर भट्ट्या चालवायच्या.

हे ऊस लावणाऱ्या घरातल्या मुलाला दोन मिनिटांत कळते. जमीन आणि पाणी कितीही असो, बेणे नसेल तर लागण होत नाही. थोरियम ही अशी बेणे नसलेली जमीन आहे. त्यात स्वतःहून मंद न्यूट्रॉनने फुटणारे समस्थानिक मुळीच नाही; युरेनियममध्ये निदान हजारात सात तरी असते. आपले बेणे म्हणजे पहिल्या टप्प्यातले ते किलोमागचे साडेतीन ग्रॅम. म्हणून आपल्याजवळ थोरियम किती, या प्रश्नाने काही कळत नाही. बेणे किती आणि ते किती वेगाने वाढते, हे विचारायला हवे.

ते गणित करून पाहू. कैगाच्या एका अणुभट्टीच्या वर्षभराच्या ३१ टन इंधनात, किलोला साडेतीन ग्रॅमप्रमाणे, सुमारे ११० किलो प्लुटोनियम मिळते. कल्पाक्कमची ५०० मेगावॉटची प्रजनक अणुभट्टी एकदा भरायला सुमारे दोन टन प्लुटोनियम लागते. म्हणजे एका अणुभट्टीची अठरा वर्षांची साठवण. एवढ्यावर भागत नाही. भट्टीतले इंधन बाहेर काढून थंड करणे, पुनःप्रक्रिया करणे, पुन्हा नळ्यांत भरणे यांत काही वर्षे जातात, आणि तेवढ्या काळासाठी दुसरा भरणा हाती असावा लागतो. आता वाढीचा वेग. या अणुभट्टीत एक किलो फुटणारे इंधन खर्ची पडले की सुमारे १.०५ किलो नवे तयार होते. ती वर्षाला साधारण ३८० किलो जाळील. म्हणजे निव्वळ वाढ वीस किलोच्या आसपास. वीस किलोंनी दोन टन जमवायला किती वर्षे? शंभर. उसाचे बेणे एका हंगामात आठ-दहा पट क्षेत्राला पुरते. प्लुटोनियमचे दुप्पट व्हायला एक शतक! धातुरूप इंधन वापरले तर वाढ याच्या कितीतरी पट करता येईल आणि हा काळ पंधरा-वीस वर्षांवर येऊ शकेल. म्हणूनच आपल्या अणुऊर्जा विभागाच्या पुढच्या योजनांत धातुरूप इंधनाला एवढे महत्त्व आहे. पण ती वाट अजून चालायची आहे.

आणि चालण्याचा वेग? कल्पाक्कमची छोटी चाचणी प्रजनक अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. ५०० मेगावॉटच्या अणुभट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले, ती २०१० मध्ये तयार व्हायची होती. तिचा गाभा भरण्याच्या कामाला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. हा केवळ आपला दोष नव्हे. जपानच्या मोंजू अणुभट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये सोडियमची गळती झाली आणि अखेर २०१६ मध्ये ती कायमची बंद करण्याचे ठरले. फ्रान्सने सुपरफिनिक्स १९९० च्या दशकातच सोडून दिली. रशियाने मात्र १९८० पासून ६०० मेगावॉटची आणि नंतर ८०० मेगावॉटची प्रजनक अणुभट्टी चालवून दाखवली आहे. तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येत नाही; सोपे आहे असे तर मुळीच नाही. तक्त्यावर 'शेकडो वर्षे पुरेल' असे लिहिताना 'कधीपासून' हे लिहिलेले नसते, ही माझी तक्रार आहे.

विरोधकांचे तक्तेही काही वेगळे नाहीत. 'जगातले युरेनियम ऐंशी-नव्वद वर्षांत संपणार, मग हा खटाटोप कशाला?' असे ते सांगतात. सध्याच्या किमतीला परवडणारे ज्ञात साठे सुमारे ६० लाख टन, वर्षाची गरज ६५ हजार टनांच्या आसपास. भागाकार नव्वदीच्या घरात येतो. पण हा भागाकार हजारात सात ग्रॅम किंवा त्याहून कमी फोडून बाकीचे ठेवून देणाऱ्या पद्धतीचा आहे. आणि साठा म्हणजे जमिनीखालची ठरावीक रास नव्हे. शोध आणि किंमत यांप्रमाणे तो बदलतो. आपलेच पाहा. भारताच्या पहिल्या टप्प्याचे सगळे नियोजन सुमारे ६० हजार टन देशी युरेनियम धरून झाले होते. दहा हजार मेगावॉटच्या अणुभट्ट्यांना वर्षाला दीड हजार टन, म्हणजे चाळीस वर्षे. पुढे आंध्र प्रदेशातील तुम्मलपल्लीसारखे साठे सापडले आणि आकडा कित्येक पटींनी वाढला. पण आपला धातुक अतिशय गरीब. कॅनडातील सिगार लेकच्या खाणीत धातुकात दहा टक्क्यांहून अधिक युरेनियम असते, आपल्याकडे हजार किलो दगडात एक किलोही नाही. साठा कागदावर असणे आणि अणुभट्टीच्या दारात असणे यांतला फरक आपण २००७ ते २००९ या काळात अनुभवला. खाणी मागे पडल्या, अणुभट्ट्या वाढल्या, आणि चांगल्या स्थितीतल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या निम्म्या शक्तीवर चालवाव्या लागल्या. २००८ च्या आंतरराष्ट्रीय सवलतीनंतर बाहेरचे युरेनियम येऊ लागले, तेव्हा कुठे त्या पुन्हा भरल्या. त्या दोन वर्षांत थोरियमच्या प्रचंड साठ्यांचा एका युनिटालाही उपयोग झाला नव्हता.

त्या शाळेतल्या शिक्षकांना मी एवढेच सुचवले, की तीन हजार हा आकडा खोडू नका. त्याच्या खाली बावीस लिहा, आणि मधली जागा मुलांना भरू द्या. आलेखाच्या कागदावर हजार चौकोन मोजा. सात लाल रंगवा, साडेतीन पिवळे, बाकीचे करडे. थर्माकोलच्या भट्टीला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौथाईत हे होते. ते ऐकून काही बोलले नाहीत. निकालात तो तक्ता पहिल्या तिनांत नव्हता. गुणपत्रिकेत 'आकर्षक मांडणी' याला वीस गुण होते आणि 'हिशेब' असा रकानाच नव्हता.

महिन्याभराने त्यांनी एक छायाचित्र पाठवले. मुलीने आलेखाचा कागद पूर्ण केला होता. लाल चौकोन एका कोपऱ्यात सात, त्याला लागून तीन पिवळे आणि एक अर्धा. खाली बारीक अक्षरात कैगाचा सगळा हिशेब होता, एका जागी शून्य जास्त पडले होते ते खोडलेले दिसत होते. करड्या रंगाची पेन्सिल मध्येच संपली असावी, कारण शेवटच्या दहा-बारा ओळी तिने साध्या पेनाने रेघा मारून भरल्या होत्या.